वासुदेवकाकांची टाचण्यांची उशी

"काका, तुम्ही करणी करता का?"

ओवीने एका दमात विचारून टाकलं आणि पुढचा श्वास घ्यायला विसरली. तिच्या मागे, शारजातल्या त्या बिल्डिंगच्या जिन्याच्या जाडजूड फायर डोअरला बोटभर फट पाडून दुआ आणि शुभ्रा उभ्या होत्या. पैज साधी होती. समोरच्या फ्लॅटमधल्या वासुदेव मुळ्येकाकांची बेल वाजवायची, हा प्रश्न जसाच्या तसा विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत पळायचं नाही.

वर्षभरापूर्वी ओवीला कुणी लाख दिले असते तरी हे तिच्याच्याने झालं नसतं. दहावीपर्यंत तिला पिझ्झावाल्याला फोनवर पत्ता सांगता येत नसे. आई पलीकडून खुणा करायची आणि ही घाम पुसायची. पण अकरावीत शाळेच्या डिबेटमध्ये बोलताना समोरचा मुलगा गप्प झाला, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून ओवीचं तोंड जे सुटलं ते सुटलंच. आता ती वॉचमनशी, बसवाल्याशी, लिफ्टमधल्या अनोळखी आजींशी, कुणाशीही बोलत असे. पैजेला नाही म्हणायचं तर तिच्या मनातही आलं नाही.

मुळ्येकाका दारात पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात उभे होते. त्यांच्या ओठांत तीन टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून काढल्या, तळहातावर ठेवल्या आणि शांतपणे विचारलं,

"कुणावर?"

या उत्तराची तयारी डिबेटमध्ये करून घेतलेली नव्हती.

"म्हणजे... जनरली."

"जनरली नाही करत. आत ये. आणि दाराआडच्या त्या दोघींनाही बोलाव. एसी सगळा पॅसेजमध्ये चाललाय."

दोष दुआचा होता. आदल्या दिवशी पाण्याच्या बाटल्या देणारा आला, तेव्हा काकांचं दार उघडं राहिलं आणि तिने आत पाहिलं. टेबलावर एक लोडासारखी उशी, तिच्यात घुसवलेल्या शेकडो टाचण्या आणि टाचण्यांना गुंडाळून खाली लोंबणारे पांढरे दोरे. "ब्रो, दॅट्स लिटरली ब्लॅक मॅजिक," तिने जाहीर केलं. शुभ्राने तिच्या मावशीच्या गावची एक गोष्ट सांगितली, त्यात लिंबूही होतं. मग पैज लागली.

आत उशी तशीच होती. फक्त जवळून पाहिल्यावर भीती पार निघून गेली आणि तिच्या जागी भलतंच कुतूहल आलं. उशीवर बारीक भोकं पाडलेला पुठ्ठा होता, भोकाभोकात टाचणी, आणि टाचण्यांच्या मधून कोळ्याने शाळेत जाऊन विणावं तसं शिस्तीतलं जाळं. दोऱ्यांच्या टोकांना लाटण्याच्या पिल्लांसारख्या लाकडी काड्या लटकत होत्या. काका त्यांना बॉबिन म्हणत.

"हे... काय आहे?" शुभ्राने विचारलं.

"लेस."

"लेस? बुटाची?"

"बुटाची कशाला? युरोपातली. हातची." काका खुर्चीवर बसले. "बघा. चार दोरे घ्यायचे. मधले दोन एकमेकांवरून ओलांडायचे. मग दोन्ही जोड्यांना पीळ द्यायचा. टाचणी लावायची. परत ओलांडायचं, परत पीळ. झालं. चारशे-पाचशे वर्षं तिकडे हेच चाललंय."

बॉबिन एकमेकींवर आपटून टकटक वाजत होत्या. काकांची बोटं इतकी भराभर चालत होती, की दुआ फोन काढून व्हिडिओ घ्यायला लागली. "आय नो धिस!" ती एकदम म्हणाली. "हेरिटेज डेजच्या जत्रेत ती लोकल अरब आजी बसते ना, सिल्व्हर थ्रेडवाली? तल्ली विणते ती! सेम टू सेम!"

"बहीणच म्हण तिची," काका खूश झाले. "पण व्हिडिओ नको हं बेटा. खलास कर तो. कुणाला दाखवायचा नाही."

आणि इथून या गोष्टीतली खरी भानगड सुरू झाली.

वासुदेव मुळ्ये दुबईच्या देरा भागातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. म्हणजे इंजिनियर लोक नकाशे काढणार, मग बदलणार, मग बदललेले पुन्हा बदलणार, आणि काका त्या प्रत्येकावर 'रेव्हिजन ए', 'रेव्हिजन बी' असे शिक्के मारून फायलीत लावणार. चोवीस वर्षं हेच. त्यांची बायको शोभनाकाकू संगमेश्वरजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची नोकरी तिकडे, यांची इकडे. मुलगा तिकडेच शिकून पुण्यात नोकरीला लागला. रोज रात्री नवराबायकोचा फोन होई. फोन स्पीकरवर असे, आणि ओवीने तो पॅसेजमधून इतक्यांदा ऐकला होता की तिला तो पाठ होता. "जेवलात?" "जेवलो. तू?" "जेवले. झोपते आता. तुम्हीपण झोपा." "हो, झोपतो." खलास. त्यापेक्षा ओवी आणि शुभ्रा 'गुड नाइट' म्हणायला जास्त वेळ घेत.

लेस त्यांच्या आयुष्यात एसीमुळे आली. एका जुलैत ते कंपनीच्या सल्लागार इंजिनियरच्या व्हिलावर नकाशे घेऊन गेले. इंजिनियर बेल्जियमचा. तो फोनवर होता, बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून त्याच्या आईने यांना आत बसवलं. त्या बाईंचं नाव होतं गोदेलीव्ह. काकांनी त्यांची गोदाताई करून टाकली. गोदाताईंच्या मांडीवर ही उशी होती. काका बघत राहिले. तासाभराने इंजिनियर आला तेव्हा काकांच्या हातात चार बॉबिन होत्या आणि त्यांना नकाशांची आठवण करून द्यावी लागली. मग दर शनिवारी ते तिकडे जायला लागले, थेट ताई मुलाबरोबर बेल्जियमला परत जाईपर्यंत. जाताना त्या उशी यांना देऊन गेल्या.

"पण मग लपवायचं काय त्यात?" ओवीने विचारलं. हे पैजेच्या दुसऱ्या दिवशी. ती एकटीच परत आली होती, कारण पीळ कुठल्या बाजूने द्यायचा या प्रश्नाने तिला रात्रभर झोप लागली नव्हती.

"अगं, कोकणात जाऊन सांग बरं, मुळ्यांचा वासुदेव दुबईत बसून झालर विणतो म्हणून."

"तुम्हीच म्हणालात ना काल, राजे लोक घालायचे? बिशप घालायचे? कॉलरला, बाह्यांना, बुटांनासुद्धा?"

"घालणारे राजे होते," काका म्हणाले. "करणाऱ्या बायका. त्यासुद्धा कुठे, तर दमट खोलीत, कारण कोरड्या हवेत सूत तुटायचं. मेणबत्ती एक आणि बायका चार-पाच. मेणबत्तीपुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवायच्या, म्हणजे उजेड एका ठिकाणी पडायचा. पाच-सहा वर्षांच्या पोरी बसवायचे कामाला."

"दॅट्स चाइल्ड लेबर!"

"होतंच. म्हणून तर मी या वयात बसलोय."

मग त्यांनी मूळ गोष्ट सांगितली. मे महिना होता. शोभनाकाकू ऑगस्टअखेर रिटायर होणार होत्या आणि लग्नानंतर पहिल्यांदाच इथे राहायला येणार होत्या. पाहुण्या म्हणून पंधरा दिवस नाही, घर म्हणून. अर्थात गौरी-गणपती आटोपल्यावरच, कोकणातली बाई त्याआधी उंबरा ओलांडेल होय? त्यांच्यासाठी काकांनी एक जांभळी साडी घेऊन ठेवली होती, एकरंगी, बिनकाठाची. आणि तिचा काठ म्हणजे ही पांढरी लेस. दोन बोटं रुंद आणि साडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब. चार वर्षं चालली होती. झालेली लेस उशीमागच्या कापडी पिशवीत गुंडाळलेली असे. आता थोडीच राहिली होती.

ओवीच्या डोळ्यांत एकदम पाणीच आलं. "काका! काकू वेड्याच होतील! तुम्ही केलीय म्हटल्यावर—"

"मी केलीय म्हणून कोण सांगणारे? देऱ्यातून आणली म्हणणार."

"काय?"

"दुकानातून."

"काका, हे इतकं... इतकं इललॉजिकल आहे!"

"असू दे," काका म्हणाले. "ती शिक्षिका आहे. तिला हसू आलं तर ती दाबत नाही."

ओवीने त्या दिवशी डिबेटचे सगळे मुद्दे वापरले. काकांनी ऐकून घेतले आणि तिच्या हातात आठ बॉबिन दिल्या. जूनअखेर तिला साधी पट्टी जमू लागली. तिच्या मते उत्तम जमू लागली. काकांचं मत विचारलं की ते म्हणत, "हं." ओवी ते शाबासकीत धरत असे.

सप्टेंबरात काकांच्या कंपनीने त्यांना अल ऐनला पाठवलं. तिथल्या हॉस्पिटलच्या साइटवर नकाशांचं ऑडिट होतं. शोभनाकाकूंचं विमान ज्या दिवशी, त्या दिवशी सकाळी ते परतणार होते. त्यांनी किल्ली ओवीच्या हातात दिली. तुळशीला पाणी घालायचं. उशीला हात लावायचा नाही. राहिलेली बोटभर लेस आल्यावर तासाभरात होईल.

ओवीने उशीला खरंच हात लावला नाही. हात लावला तो तिच्या आईने.

टिपणिसांकडे, म्हणजे ओवीकडे, पाच दिवसांचा गणपती. आदल्या संध्याकाळी तिचे बाबा गुणवंत शिडीवर उभे राहून मखरामागचा सोनेरी पडदा लावत होते. गुणवंत टिपणीस एसीच्या कंपनीत सेल्स मॅनेजर. दिवसभर माणसांना पटवून दमायचे आणि घरी येऊन वस्तूंशी भांडायचे. पडदा घसरत होता. टाचण्या संपल्या होत्या. ग्रोसरीला फोन केला, तर त्याने 'पिन, पिन' ऐकून सेफ्टी पिनांचं पाकीट पाठवलं.

"अनुपमा, टाचण्या!" बाबा शिडीवरून ओरडले. "पडदा पडतोय! लवकर! यल्ला, यल्ला!"

आणि अनुपमाला आठवलं. चकल्या द्यायला गेली होती तेव्हा मुळ्येकाकांच्या टेबलावर टाचण्यांची उशी बघितली होती. शिंप्याकडे असते तशी, फक्त अवाढव्य. चोवीस वर्षं एकटा राहणारा माणूस कुठल्या वस्तूचा किती साठा करेल याचा नेम नाही, असं तिला तेव्हाच वाटलं होतं. ओवी शाळेच्या रिहर्सलला गेलेली, किल्ली खुंटीवर. काका काय, देवाच्या कामाला नाही थोडंच म्हणणार होते? ती गेली. एकूण एक टाचणी तिने काढली. आणि अनुपमा टिपणीस कुणाच्या घरात पसारा करून येणारी बाई नव्हे, म्हणून त्या लोंबणाऱ्या लाकडी काड्याही तिने गोळा केल्या, एकत्र ठोकून सारख्या केल्या आणि त्यांना रबरबँड लावून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. आरती चालू होती. ओवी टाळ्या वाजवता वाजवता सहज मखराकडे बघत होती आणि तिला पडद्यावर ओळीने चमकणाऱ्या पितळी टाचण्या दिसल्या. बारीक, लांब, घरात कुणाकडेच नसतात अशा. तिच्या टाळ्या थांबल्या.

"आई," ती आरतीच्या मध्येच म्हणाली, "या टाचण्या कुठल्या?"

आईने डोळे मिटलेलेच ठेवून समोरच्या फ्लॅटकडे बोट केलं.

त्यानंतर टिपणिसांच्या घरात जे झालं त्याला बोलणं म्हणता येणार नाही. ओवी गेली, पाहिलं, परत आली आणि किंचाळली. शेवटचं वीतभर विणकाम पार बसकन मारल्यासारखं गोळा झालं होतं आणि रबरबँडातल्या बॉबिनचे दोरे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसले होते. काकांचं गुपित फोडल्याशिवाय काय बिघडलंय हे सांगता येईना, म्हणून तिने ते फोडलं. आई ऐकत ऐकत सोफ्यावर बसली. "मुळ्येकाका? लेस? बायकोसाठी?" आणि मग अगदी बारीक आवाजात, "मी रबरबँड लावलं गं त्याला."

"टाचण्या काढा! आत्ता!" ओवी म्हणाली.

"प्राणप्रतिष्ठा झालीय," बाबा म्हणाले. "आता मखर हलवायचं नसतं."

"मखर कुठे हलवतोय? टाचण्या काढतोय."

"आणि पडदा देवाच्या डोक्यावर पडला म्हणजे?"

शेवटी बाबा पुन्हा शिडीवर चढले. एक टाचणी काढायची, तिच्या जागी सेलोटेप लावायची, "चुकलं, माफ करा" असं गणपतीला म्हणायचं, पुढची टाचणी. खाली आई ताट घेऊन उभी. जमलेल्या पाहुण्यांना वाटलं ही सीकेपी लोकांची काहीतरी खास पद्धत असेल. दोघांनी फोटोही काढले.

खरं तर ओवीने तेव्हाच अल ऐनला फोन करायला हवा होता. आईने तीनदा सांगितलं. पण काका साडेतीन-चारशे नकाशांत बुडालेले, तिथून येऊ शकत नव्हते, उगाच जीव जाळत बसले असते. आणि दुसरं म्हणजे, ओवीला वाटलं, आपल्याला येतं की! चार महिने शिकतोय. तिने दोरे सोडवले, विस्कटलेला भाग उसवला, टाचण्या एकेका भोकात परत बसवल्या आणि पाचही दिवस शाळेतून येऊन ती उशीपुढे बसली. ओलांड, पीळ, टाचणी. राहिलेली बोटभरसुद्धा तिने पुरी केली. या लेसची उलटी बाजू विणताना वर असते. सुलटी टाचण्या निघाल्यावरच दिसते. उलटी बाजू तर झकास दिसत होती. ओवीने शुभ्राला फोटो पाठवला: 'नॉट टू ब्रॅग, पण.'

काका आले. ओवीने सगळं सांगितलं, हातवाऱ्यांसकट. काकांनी टाचण्या काढल्या आणि लेस सुलटी केली. शेवटचा वीतभर तुकडा असा दिसत होता, की सरळ चालत आलेला माणूस घराच्या दारात येऊन अडखळावा. कुठे ढिलं, कुठे आवळलेलं, एका ठिकाणी पीळच नाही.

ओवीने तो तुकडा बोटांनी ताणून सरळ करून बघितला. "काका..."

"हं," काका म्हणाले. आज पहिल्यांदाच तिला त्या 'हं'चा खरा अर्थ कळला. "वेळ नाही आता. विमान उतरेल. उशी तुमच्याकडे ने, कपाटात ठेव. आणि शोभनाला एक अक्षर सांगायचं नाही. कुणीच."

टिपणिसांच्या तिघांनी देवासमोर शपथ घेतली.

पुढे जे झालं त्याला मुळ्येकाकांचा चाणाक्षपणा कारणीभूत होता. लेस दुकानातली वाटावी म्हणून त्यांनी देऱ्यातल्या एका लेसच्या दुकानातून उगीचच दोऱ्याचं रीळ विकत घेतलं होतं, फक्त पिशवीसाठी. त्या पिशवीत लेस घालून त्यांनी शोभनाकाकूंच्या हातात दिली.

शोभनाकाकू बारीक, उंच, चष्मा नाकावर. त्यांनी साडी पाहिली, "रंग चांगलाय" म्हणाल्या. लेस घेतली आणि ती बोटांवरून सरकवत गेल्या. काका त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ओवी चहा द्यायच्या निमित्ताने आलेली, ती काकांकडे बघत होती. लेस सरकत सरकत शेवटच्या वीतभर तुकड्यापर्यंत आली आणि काकूंचं बोट थांबलं.

"अहो, फसवलं तुम्हाला."

"काय?"

"डिफेक्टिव्ह आहे. हे बघा. इतका सुरेख माल आणि शेवटी गुंडाळताना आत लपवून खराब तुकडा. तुम्ही बघून नाही घेतलंत?" त्यांनी पिशवी उलटी करून वाचली. "नाव आहे, फोन आहे, नकाशासुद्धा आहे. चला. बदलून आणू."

"अगं, आजच आलीस, दमली असशील..."

"विमानात नुसती बसून तर आले."

टिपणिसांच्या गाडीतून निघाले सगळे. गुणवंतनी नाही म्हणायचा प्रयत्न केला, पण काकूंनी "गाडी आहे ना तुमच्याकडे?" असं विचारलं आणि सेल्स मॅनेजरने किल्ली उचलली. शारजाहून देऱ्याला जायला नेहमीसारखा ट्रॅफिक होता आणि गाडीतल्या पाच माणसांपैकी चौघंजण खोटं बोलत बसले होते.

"तुमच्याकडे होतं का हो असं?" काकूंनी अनुपमाला विचारलं. "दुकानदार असे फसवतात?"

"नाही... म्हणजे हो," अनुपमा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "टाचण्यांच्या... नाही, कापडाच्या बाबतीत कधीकधी."

"बिल हरवलंय म्हणे यांचं. चोवीस वर्षं फायली लावतात आणि घरचं एक बिल सापडत नाही."

काका पुढच्या सीटवर होते. एसी पूर्ण होता आणि त्यांच्या कानामागून घाम ओघळत होता. ओवीने मागून त्यांच्या खांद्याला बोट लावलं आणि ओठ न हलवता पुटपुटली, "सांगा ना. आत्ता सांगा." काकांनी खांदा काढून घेतला.

दुकान चिंचोळं होतं आणि लेसने खालपासून छतापर्यंत भरलेलं होतं. रिळांवर रिळं. लाल, सोनेरी, टिकल्यांची, मोत्यांची, मीटरवर कापून मिळणारी. काउंटरमागे खैरुद्दीन नावाचा सेल्समन होता, गळ्यात टेप टाकून, हसतमुख.

"देखो भैया," शोभनाकाकूंनी शाळेतल्या हिंदीत सुरुवात केली, "तुमने इनको फसाया है."

"हम? तोबा तोबा मॅडम. दिखाइये." खैरुद्दीनने लेस हातात घेतली, आलटून पालटून पाहिली. "हमारा नहीं लगता."

"पिशवी तुमची आहे ना? थैली तो तुम्हाराच है!"

खैरुद्दीनने पिशवी पाहिली, काकूंचा चष्मा पाहिला आणि व्यवहारी माणसासारखा निर्णय घेतला. "कोई बात नहीं आंटी. मशीन का माल है, मशीन में ऐसा हो जाता है. टेन्शन क्यूँ? पाँच दिरहम मीटर का चालू आयटम है, हबीबी, मैं आप को इस से अच्छा दे देता."

"पाच म्हणजे एकशेवीस रुपये," गुणवंत सवयीने पुटपुटले.

"मशीन?"

हा आवाज कुणाचा ते ओवीला आधी कळेना. चोवीस वर्षं शिक्के मारणाऱ्या माणसाच्या घशात असा आवाज असेल, असं त्या दुकानात कुणालाच वाटलं नव्हतं.

"मशीन?" वासुदेवकाकांनी लेस त्याच्या हातातून काढून घेतली. "मशीन का माल? अरे बाबा, इधर देख! हा पीळ बघ! हे पान बघ, एका पानाला एक संध्याकाळ जाते! तुझ्या मशीनला कळतं कुठे थांबायचं ते? चार वर्षं! चार वर्षं बसलोय मी याच्यापुढे! मी केलीय ही! मैंने! इन हाथों से!"

रिबीन बघणारी एक फिलिपिनो बाई हळूच रिबीन खाली ठेवून उभी राहिली.

"और ये पीस?" खैरुद्दीनने प्रामाणिक कुतूहलाने शेवटच्या तुकड्याकडे बोट दाखवलं.

ओवीने तोंड उघडलं. काकांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"तोही मीच केलाय," ते म्हणाले.

शोभनाकाकू हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं, लेस मागून घेतली, नीट गुंडाळली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली. पिशवी काउंटरवरच राहिली.

परतताना अनुपमाने या वेळी काकांच्या जागी पुढे बसायचं ठरवलं होतं, त्यामुळे मागे ओवी एका कडेला, मधे काकू, पलीकडे काका. खाडीवर संध्याकाळचं ऊन होतं, लाकडी गलबतांवर कुणीतरी फ्रिजचे खोके चढवत होतं.

"कधी करायचात?" काकूंनी समोर बघतच विचारलं.

"रात्री. आपला फोन झाला की."

"तुम्ही म्हणायचात, झोपतो."

"हो."

गाडी सिग्नलला थांबली. सुटली.

"मीपण म्हणायचे, झोपते," काकू म्हणाल्या.

काकांनी मान वळवली. "मग? काय करायचीस?"

"सांगेन."

एवढंच. ओवीला वाटलं, आपण इथे असायला नको. पण चालत्या गाडीतून उतरता येत नाही, म्हणून तिने कानात हेडफोन घातले आणि गाणं लावलंच नाही. थोड्या वेळाने काकूंनी पर्स उघडली, लेसचं टोक बाहेर काढून उजेडात धरलं आणि चष्मा वर सरकवला.

"एवढं मात्र उसवा," त्या म्हणाल्या. "मागचं इतकं देखणं आणि शेवटी हे? दुसरीतल्या पोरांचं शुद्धलेखन बरं असतं. तुमचा हात नाही वाटत हा."

"घाईत झालं," काका म्हणाले.

घरी आल्यावर अनुपमाने कुकर लावायला घेतला आणि गुणवंत सोफ्यावर आडवे होऊन छताकडे बघत राहिले. समोरच्या फ्लॅटचं दार लागल्याचा आवाज आला. ओवीने बूट काढले नाहीत. ती तडक आपल्या खोलीत गेली, कपाटातली कपडे-पुस्तकं खाली पाडत तिने ती लोडाएवढी उशी ओढून काढली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून हॉलमध्ये येऊन उभी राहिली. उशीच्या वर तिचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते लाल झाले होते.

"आता हे काय?" बाबा उठून बसले.

"आई, तूपण ऐक. गॅस बारीक कर." तिचा आवाज डिबेटमधल्यासारखा नव्हता, पण कापतही नव्हता. "माझं ठरलंय. तो तुकडा मी केला, हे मी काकूंना आत्ता जाऊन सांगणार आहे. त्यांना हसायचं तर हसू देत. आणि तो मीच उसवणार, मीच परत करणार, काका 'हं' म्हणायचे थांबेपर्यंत. रोज. माझी परीक्षा असली तरी. तुम्ही जेवून घ्या."